काम चालू असताना पेन्शन मिळते का? नोकरी गेली तर काय मिळते? जालन्यातील कामगारांनी समजून घ्यायच्या गोष्टी

जालना शहरातल्या स्टील मिलमध्ये, बियाणे कंपनीच्या पॅकिंग विभागात, अंबड-परतूरकडच्या जिनिंगमध्ये किंवा एखाद्या खाजगी उर्दू शाळेत काम करणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास पडतात. पहिला, उद्या काम सुटले तर सरकारकडून काही मिळते का? दुसरा, वय ५८ झाले, पण हातपाय चालतात आणि घरी मुलीचे लग्न बाकी आहे. मग पेन्शन सुरू करून काम चालू ठेवले तर चालते का?

या दोन प्रश्नांवर आपल्या वस्त्यांमध्ये दोन टोकाची उत्तरे ऐकू येतात. काही लोक म्हणतात, "काम केले की पेन्शन बंद होते, म्हणून फॉर्मच भरू नको." अशा भीतीने किती तरी लोक वर्षानुवर्षे हक्काचे पैसे सोडून देतात. दुसरे म्हणतात, "कोणाला कळते? काम पण कर आणि बेकारीचे पण घे." असे करणाऱ्याचा क्लेम अडकतो आणि नंतर वसुलीची नोटीस येते. दोन्हीकडे नुकसान गरीब माणसाचेच. म्हणून कोणता पैसा काम करताना मिळतो आणि कोणता नाही, हे सोप्या भाषेत मांडतो आहे.

आधी एक फरक लक्षात घ्या

बेकारीचा पैसा वेगळा आणि म्हातारपणाचा पैसा वेगळा. बेकारीच्या पैशाची मूळ अटच "काम नसणे" ही आहे. नवे काम मिळाले की त्या दिवसापासून तो पैसा थांबतो. म्हातारपणाच्या पैशाची अट वय आणि नोकरीची वर्षे ही आहे. वय झाले, वर्षे भरली, की तुम्ही त्यानंतर काम करता की घरी बसता याने सहसा फरक पडत नाही. याला एक मोठा अपवाद आहे, तो म्हणजे ५० ते ५८ या वयात घेतलेली लवकरची पेन्शन. त्याबद्दल पुढे सांगतो.

हा फरक डोक्यात ठेवला तर बाकीचे नियम आपोआप समजत जातात.

"बेरोजगार भत्ता पाच हजार" या मेसेजवर जाऊ नका

महाराष्ट्रात प्रत्येक बेकार तरुणाला दरमहा भत्ता देणारी कोणतीही सर्वसाधारण योजना नाही. व्हॉट्सॲपवर "महाराष्ट्र बेरोजगारी भत्ता, लिंकवर नाव टाका" असे मेसेज फिरतात. त्या लिंकवर आधार नंबर आणि बँकेचा ओटीपी देऊ नका.

२०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना हा बेकार भत्ता नाही. १८ ते ३५ वयाच्या तरुणांना आस्थापनेत प्रशिक्षण घ्यावे लागते. त्या काळात विद्यावेतन मिळते, बारावीला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकेला ८ हजार आणि पदवीला १० हजार रुपये. म्हणजे हजेरी लावली तर पैसा आहे. घरी बसून काही मिळत नाही.

ईएसआय कापला जात असेल तर: अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना

बेकारीचा खरा पैसा आपल्याकडे मिळतो तो कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआयमधून. ज्यांचा महिन्याचा पगार २१ हजारांपर्यंत आहे आणि ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो, त्यांच्यासाठी ही सोय आहे. कामगाराचा वाटा पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के असतो. पगार पावतीवर ही कपात दिसली पाहिजे.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के रक्कम मिळायची. कोरोनाच्या काळात, २४ मार्च २०२० पासून, ती ५० टक्के झाली. ही मदत जास्तीत जास्त ९० दिवसांची असते. हिशोब असा: महिन्याला १५ हजार पगार म्हणजे रोजचे सरासरी ५०० रुपये. त्याचे निम्मे २५० रुपये. ९० दिवस पूर्ण बेकार राहिलात तर २२ हजार ५०० रुपये. तीन महिन्यांचा किराणा आणि घरभाडे यात निघू शकते.

योजनेच्या नंतर सैल केलेल्या अटी अशा होत्या: बेकार होण्याआधी किमान दोन वर्षे विमा असलेली नोकरी, लगतच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी, आणि त्याआधीच्या वर्गणी काळांपैकी एकात पुन्हा ७८ दिवस. एक वर्गणी काळ सहा महिन्यांचा असतो, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. योजनेची मुदत आणि अटी सरकार वेळोवेळी बदलत आले आहे, म्हणून अर्जाच्या वेळी चालू नियम ईएसआयच्या शाखा कार्यालयात जरूर विचारा.

आता आपल्या विषयाच्या गोष्टी.

९० दिवसांच्या मध्येच नवी नोकरी मिळाली तर? काम सुटल्याच्या तारखेपासून नव्या कामाच्या तारखेपर्यंतचेच पैसे मिळतात. चाळीस दिवसांनी काम लागले तर चाळीस दिवसांचे. नव्या मालकाने ईएसआय भरायला सुरुवात केली की ती नोंद त्याच यंत्रणेत दिसते, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

स्वतःहून नोकरी सोडली तर? ही योजना काम "गेलेल्या" माणसासाठी आहे, "सोडलेल्या" माणसासाठी नाही. गैरवर्तनामुळे काढलेला, निवृत्तीच्या वयाला निवृत्त झालेला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेला कामगार यात बसत नाही. म्हणून ठेकेदार "राजीनामा लिहून दे, मग हिशोब करतो" म्हणाला तर सही करण्याआधी दहादा विचार करा. मालकाने काम बंद केले आणि कागदावर मात्र तुम्ही राजीनामा दिला, तर तुमचाच क्लेम कमजोर होतो.

मिल कायमची बंद पडली, कपात झाली किंवा कामाबाहेरच्या अपघाताने किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व आले, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना ही ईएसआयची दुसरी योजना आहे. ती १ एप्रिल २००५ पासून आहे आणि तिच्यात मदतीचा काळ बराच मोठा आहे.

एक गोष्ट जिनिंगवाल्यांनी ध्यानात ठेवावी. कापूस जिनिंगसारख्या हंगामी कारखान्यांना ईएसआय लागू नाही. त्यामुळे हंगाम संपल्यावर ईएसआयचा बेकारीचा पैसा मिळणार नाही. मात्र पीएफ आणि ग्रॅच्युइटीत त्यांचा हक्क आहे, तो पुढे सांगतो.

पीएफ: काम सुटल्यावर किती काढता येतो?

जिथे २० किंवा जास्त कामगार आहेत तिथे पीएफ लागू होतो. तुमच्या पगाराचे १२ टक्के कापले जातात आणि तेवढेच मालक भरतो. पण मालकाचे सगळे १२ टक्के तुमच्या पीएफ खात्यात जात नाहीत. त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मध्ये जातात. आपण तिला ईपीएस म्हणू. उरलेले ३.६७ टक्के पीएफमध्ये जातात. पेन्शनसाठी पगाराची मर्यादा १५ हजार धरतात, म्हणून पेन्शन खात्यात महिन्याला जास्तीत जास्त १२५० रुपये पडतात.

आजवरचा नियम असा राहिला: काम सुटून एक महिना झाला की ७५ टक्के पीएफ काढता येतो आणि दोन महिने पूर्ण बेकार राहिलात की उरलेला. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय विश्वस्त मंडळाने हे बदलायचे ठरवले. त्या निर्णयानुसार बेकार झाल्यावर ७५ टक्के लगेच, आणि उरलेले २५ टक्के १२ महिने बेकार राहिल्यावर. पेन्शनच्या रकमेसाठी दोन महिन्यांऐवजी ३६ महिने. क्लेम टाकताना कोणता नियम लागू आहे ते पोर्टलवर पाहून घ्या.

जालन्यात सर्रास काय होते? दरवर्षी ठेकेदार बदलतो. मिल तीच, यंत्र तेच, फक्त ठेकेदाराचे नाव नवे. मग कोणी ऑपरेटर सांगतो, "जुना पीएफ काढून घे." कामगार काम सुटल्याचा फॉर्म टाकतो आणि इकडे नवा ठेकेदार दुसऱ्याच महिन्यापासून पीएफ भरत असतो. यंत्रणेला दोन्ही दिसते आणि क्लेम रद्द होतो. अशा वेळी पैसा काढायचा नसतो, तो जुन्या खात्यातून नव्या खात्यात ट्रान्सफर करायचा असतो. यूएएन नंबर आयुष्यभर एकच ठेवायचा. नव्या ठेकेदाराला पहिल्याच दिवशी तो नंबर द्या, त्याला नवा काढू देऊ नका.

सलग पाच वर्षे पूर्ण होण्याआधी पीएफ काढला तर त्यावर आयकर लागू होऊ शकतो, आणि ५० हजारांपेक्षा मोठी रक्कम असेल तर टीडीएस कापला जातो, हेही लक्षात असू द्या.

सर्वात महाग पडणारा फॉर्म: १०-सी

पीएफ काढण्याचा फॉर्म १९ असतो आणि पेन्शनचे पैसे काढण्याचा १०-सी. बहुतेक लोक दोन्ही एकत्र भरून टाकतात. १०-सी ने हातात काही हजार रुपये येतात, पण त्याबरोबर तुमच्या नोकरीची तितकी वर्षे पेन्शनच्या हिशोबातून पुसली जातात.

ईपीएसची मासिक पेन्शन मिळण्यासाठी एकूण १० वर्षांची नोकरी लागते. ती एकाच मालकाकडे असायची गरज नाही, सलग असायचीही गरज नाही. सहा महिने किंवा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून ९ वर्षे ६ महिने झाले तरी १० मानतात. हंगामी कारखान्यात तर एका वर्षातला हंगामाचा काळ पूर्ण वर्ष म्हणून धरला जातो. जिनिंगमध्ये दहा हंगाम पीएफसह काम केलेला माणूस पेन्शनला पात्र होऊ शकतो. किती जणांना हे माहीत आहे?

समजा एका वेल्डरने एका ठिकाणी ४ वर्षे, दुसऱ्या ठिकाणी ३ आणि तिसऱ्या ठिकाणी ४ वर्षे काम केले. एकूण ११. प्रत्येक वेळी १०-सी भरून पैसे काढले तर शेवटी हातात शून्य वर्षे आणि पेन्शनही शून्य. तेच काम सुटताना त्याने १०-सी मधला दुसरा पर्याय, म्हणजे स्कीम सर्टिफिकेट, घेतला असता तर ही ११ वर्षे जमा राहिली असती. मधली दोन-तीन वर्षे त्याने रिक्षा चालवली तरी फरक पडला नसता. नव्या नोकरीत सर्टिफिकेट जोडले की मागची वर्षे पुढे जोडली जातात. म्हणून घरात फारच तंगी नसेल तर पीएफ काढा, पेन्शनला हात लावू नका.

५८ झाले: पेन्शन आणि काम दोन्ही

आता मूळ प्रश्न. ईपीएसमध्ये वय ५८ पूर्ण झाले आणि १० वर्षे भरली असतील, तर तुम्ही त्याच मिलमध्ये काम करत असलात तरी पेन्शन सुरू होते. काम सोडावे लागत नाही. फॉर्म १०-डी भरायचा. पगारही चालू आणि पेन्शनही चालू.

फक्त एक बदल होतो. ५८ नंतर पेन्शन खात्यात पैसे जाणे थांबते आणि मालकाचा पूर्ण वाटा पीएफ खात्यात जमा व्हायला हवा. काही ठिकाणी हिशोबनीस हे विसरतात आणि ५८ नंतरही ८.३३ टक्के पेन्शनमध्ये भरत राहतात. मग १०-डी चा क्लेम त्या चुकीवरून अडकतो. ५८ वा वाढदिवस जवळ आला की ऑफिसमध्ये जाऊन हे आठवण करून द्या.

पेन्शन किती मिळेल? सूत्र सरळ आहे. शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरी पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. २० वर्षे किंवा जास्त नोकरी झाली असेल तर दोन वर्षे जादा धरतात. समजा सरासरी पगार १२ हजार आणि नोकरी २० वर्षे. दोन मिळवून २२ वर्षे. १२ हजार गुणिले २२ भागिले ७०, म्हणजे सुमारे ३,७७१ रुपये महिना. रक्कम फार मोठी नाही हे खरे. किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून १ हजार रुपये आहे आणि ती वाढवावी म्हणून पेन्शनर संघटना अनेक वर्षे आंदोलन करत आहेत. पण ३,७७१ रुपये दरमहा आणि पश्चात बायकोला तिचा हिस्सा, हे काही कमी नाही.

५८ ला पैशाची घाई नसेल तर पेन्शन ६० पर्यंत पुढे ढकलता येते. प्रत्येक वर्षाला ४ टक्के वाढ मिळते.

आणि हा तो अपवाद. १० वर्षे भरलेल्या माणसाला ५० नंतर लवकरची पेन्शन घेता येते, पण ती काम सुटलेल्यांसाठी आहे. पीएफ कापणाऱ्या नोकरीत असताना ती मिळत नाही. शिवाय ५८ ला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांसाठी दरवर्षी ४ टक्के कपात होते आणि ती कपात कायमची राहते, ५८ ला परत वाढत नाही. ५५ ला घेतली तर साधारण १२ टक्के कमी, मरेपर्यंत. दोन-तीन वर्षे तग धरता येत असेल तर धरा.

नवरा गेला, बाई कामावर जाते: तिची पेन्शन बंद होते का?

नाही. ईपीएसची विधवा पेन्शन बाई कामावर जाते म्हणून बंद होत नाही. ती तिच्या मृत्यूपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत मिळते. आणखी महत्त्वाचे म्हणजे, कामगार नोकरीत असताना इंतेकाल झाला तर त्याची १० वर्षे भरलेली असण्याची गरज नसते. एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी विधवा आणि २५ वर्षांखालील दोन मुलांना पेन्शनचा हक्क आहे. त्याशिवाय ईडीएलआय विमा असतो, ज्याची मर्यादा ७ लाखांपर्यंत आहे. इद्दतच्या काळात बाई कुठे जाणार, म्हणून कागद तसेच पडून राहतात. तेव्हा भाऊ, दीर किंवा मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलाने निदान कागद जमवून ठेवावेत: मृत्यू दाखला, दोघांचे आधार, मुलांचे जन्म दाखले, बँक पासबुक आणि यूएएन.

पीएफ नाही, ईएसआय नाही: त्यांचे काय?

हातगाडीवाला, बागवान, मिस्त्री, ड्रायव्हर, घरी शिलाई करणारी बाई. आपल्यातले बहुसंख्य लोक इथेच आहेत.

प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेत वय १८ ते ४० आणि महिन्याचे उत्पन्न १५ हजारांपर्यंत असलेला असंघटित कामगार नाव नोंदवू शकतो. वयाप्रमाणे महिन्याला ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार भरते, आणि ६० नंतर दरमहा ३ हजार रुपये पेन्शन. ६० नंतर गाडा चालू ठेवला तरी पेन्शन चालू राहते. अट एवढीच की नोंदणी करताना तुम्ही पीएफ, ईएसआय किंवा एनपीएसचे सदस्य नसावेत आणि आयकर भरणारे नसावेत. चाळिशी उलटली की दार बंद, म्हणून ३८-३९ च्या लोकांनी आधी जावे.

बांधकामावर वर्षात किमान ९० दिवस काम करणाऱ्या १८ ते ६० वयाच्या मिस्त्री, सेंट्रिंगवाला, रंगारी यांनी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी आणि ती दरवर्षी नूतनीकरण करावी. तिथले बरेचसे फायदे चालू नोंदणीवरच अवलंबून असतात.

खेड्यात राहणाऱ्यांना रोजगार हमीचा आधार आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर याच महाराष्ट्राने हमीचा कायदा देशाला दिला. काम मागितल्यावर १५ दिवसांत काम मिळाले नाही तर बेरोजगार भत्त्याचा हक्क तयार होतो. मनरेगाच्या नियमात पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि पुढे किमान निम्मा दर आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा मंजूर केला, त्यातही भत्त्याचे तत्त्व आहे. पण ग्रामपंचायतीत तोंडी काम मागून उपयोग नाही. लेखी मागणी करा आणि तारखेची पोच घ्या. पोच नसेल तर भत्ता विसरा.

आणि ज्यांच्याकडे काहीच नाही, त्या ६५ च्या पुढच्या वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. दरमहा १,५०० रुपये मिळतात. इथे मात्र कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार आहे. म्हणजे काम करून कमावलेला पैसा इथे आड येऊ शकतो. उत्पन्नाच्या दाखल्यात खोटे लिहून घेऊ नका, पडताळणीत नाव निघते.

ग्रॅच्युइटी: सोडलेले पैसे

१० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाच वर्षे सलग काम केले की ग्रॅच्युइटी मिळते. शेवटचा महिन्याचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षे. १२ हजार पगार आणि १० वर्षे असतील तर सुमारे ६९ हजार रुपये. हंगामी कामगाराला प्रत्येक हंगामामागे ७ दिवसांचा पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि ठराविक मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आला. राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे कामाला लागलात तरी मिळते.

आमच्या खाजगी शाळांतल्या शिक्षकांनी हे नीट वाचावे. शिक्षकांना ग्रॅच्युइटी देणारी दुरुस्ती २००९ मध्ये झाली, ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०२२ रोजी ती कायम ठेवली. "शिक्षकाला ग्रॅच्युइटी नसते" असे संस्थाचालक म्हणत असतील तर हे त्यांना दाखवा.

आणि निवृत्त सरकारी शिक्षकांचा प्रश्न. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषद शाळांतल्या रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना ७० वर्षे वयापर्यंत कंत्राटी पद्धतीने, महिना २० हजार मानधनावर घेण्याची सोय केली. त्यांची पेन्शन त्यामुळे बंद झाली नाही. सरकार स्वतःच पेन्शनर माणसाला काम देते, तर मिलमधल्या कामगाराने पेन्शन घेऊन काम केले यात चोरी कसली?

आपल्या नावांची अडचण

मराठवाड्यात आपली नावे "शेख अमुक शेख तमुक" अशी लिहितात. आधारवर एक, पीएफमध्ये दुसरे, बँकेत तिसरे. कुठे शेखचे स्पेलिंग वेगळे, कुठे "एसके", कुठे बाईच्या नावापुढे "बी" आहे तर कुठे नाही. जन्मतारीख तर अनेकांची १ जून किंवा १ जानेवारी. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख आयुष्यभर चिकटते. पेन्शनचा फॉर्म याच कारणाने सर्वात जास्त अडकतो.

आधी आधार, शाळेचा दाखला आणि बँक पासबुक एक करा. मग पीएफच्या पोर्टलवर दुरुस्ती टाका. ज्यांचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारने पडताळलेला आहे त्यांना बरीचशी दुरुस्ती स्वतः ऑनलाइन करता येते. जुना असेल तर मालकामार्फत जॉइंट डिक्लरेशन द्यावे लागते. काम चालू आहे तोवर मालक सही देतो. काम सुटल्यावर, मिल बंद झाल्यावर सही कोण देणार? म्हणून हे काम आजच करायचे आहे.

हा खैरातीचा पैसा नाही

काही बुजुर्ग म्हणतात, सरकारचे पैसे कशाला घ्यायचे, अल्लाह रिज्क देणारा आहे. बेशक. पण पेन्शन आणि ईएसआय ही कोणाची जकात नाही. हा तुमच्याच मजुरीचा थकलेला भाग आहे, तुमच्या घामातून दर महिन्याला कापलेला आणि मालकाने कायद्याने भरलेला. मजुराची मजुरी वेळेवर आणि पूर्ण द्यावी हे आपल्या दीनने शिकवले आहे. ती मागून घेणे हा हक आहे. पीएफवरच्या वाढीव रकमेबद्दल कोणाच्या मनात शंका असेल तर मुफ्ती साहेबांना विचारावे. सक्तीने कापल्या जाणाऱ्या पीएफबाबत अनेक उलमांनी सवलतीचे मत दिले आहे, स्वतःहून जास्त कापून घेण्याबाबत मात्र मत वेगळे आहे.

त्याच वेळी हेही तितकेच खरे की काम चालू असताना बेकार असल्याचे लिहून पैसा घेणे हे खोटे आहे. तो हक नाही. हक आणि खोटे यातला फरक आपल्या मुलांनाही समजला पाहिजे.

आता काय करायचे?

पगार पावती मागा आणि पीएफ, ईएसआयची कपात बघा. उमंग ॲपवर किंवा पीएफ पासबुकमध्ये पैसे खरेच जमा होतात का ते तीन महिन्यांतून एकदा पाहा. नॉमिनीचे नाव ऑनलाइन भरा. जुन्या नोकऱ्यांची वर्षे कागदावर लिहून बेरीज करा. दहाच्या जवळ असाल तर १०-सी भरून पेन्शनचे पैसे काढू नका.

जालना जिल्ह्याचे पीएफचे काम छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील क्षेत्रीय कार्यालयाकडे आहे. दरवेळी साठ किलोमीटर जायची गरज नाही. पीएफ कार्यालय दर महिन्याच्या २७ तारखेला "निधी आपके निकट" हे शिबिर जिल्ह्यात घेते. तिथे कागद घेऊन जा. पीएफची हेल्पलाइन १४४७० आहे आणि ईएसआयची १८००-११-२५२६. पेन्शन सुरू असलेल्यांनी हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यायचा. तो वर्षात कधीही देता येतो, नोव्हेंबरची वाट पाहायची गरज नाही, आणि मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो.

एजंटला हजार-दोन हजार देण्याआधी मोहल्ल्यातल्या बीए, बीकॉम शिकणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला सोबत बसवा. मशिदीच्या कमिटीने, बचत गटाने महिन्यातून एक रविवार यासाठी ठेवला तरी पुष्कळ घरांचे अडकलेले पैसे मोकळे होतील. तुमच्या ओळखीत ५८ पूर्ण झालेला आणि अजून कामावर जाणारा कोणी असेल, तर त्याला एवढेच विचारा: "भाई, १०-डी भरला का?"